वाचनालयाचा सर्व्हर एक्स८६ वरून आर्मवर (आणि हौसेपोटी रिस्क-फाइव्हवर): कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

वाचनालयातलं जुनं मशीन शेवटी गेलं. कोअर टू ड्युओ (इंटेलच्या एक्स८६ जातीचा प्रोसेसर), त्यावर ३२ बिटी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार). झाकण उघडलं तर मदरबोर्डवरचे तीन कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले. हार्ड डिस्क शाबूत आहे, म्हणजे रडायचं कारण नाही.

हे मशीन काय काय करत होतं ते आधी लिहून ठेवतो. पुस्तकांची यादी शोधायचं पान, जुन्या डॉसच्या फाइलींचं युनिकोडमध्ये रूपांतर, वाचनालयाच्या छापील वार्षिक अहवालांचं ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर ओळखून काढणं (सुमारे ३,८०० पानं), आणि पुस्तकांच्या कण्यावर चिकटवायची लेबलं छापणं.

समितीने १५,००० रुपये मंजूर केलेत. त्यात सेकंडहँड डेस्कटॉप सहज आला असता. पण जुन्या डब्याला वॉटमीटर लावून पाहिलं होतं तेव्हा तो नुसता बसून ६० वॉट खायचा. दिवसरात्र चालू राहणाऱ्या यंत्राला हे परवडत नाही. रास्पबेरी पाय ५ (एका छोट्या बोर्डवरचा संगणक) घ्यायचं ठरवलं, म्हणजे आर्म जातीचा प्रोसेसर. आणि घरी माझ्या खिशातून एक व्हिजनफाइव्ह २, तसाच बोर्ड पण रिस्क-फाइव्ह जातीचा. तोच कोड तीन जातींच्या प्रोसेसरवर कसा वागतो हे एकदा बघायचंच होतं. माझा लॅपटॉप इंटेलचा, म्हणजे एक्स८६, तो तुलनेला आहेच.

मनातला अंदाज: दोन रविवार. सोर्स कोड सगळा माझाच, पुन्हा कंपाइल केला (नव्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवला) की झालं.

२० सप्टेंबर, शनिवार

सामान आलं. पाय ५ (८ जीबी) ८,४०० रुपये, पंखा-हीटसिंक ५५०, एसएसडी आणि तिचा यूएसबी डबा मिळून २,६००. चार्जर घेतला नाही, घरात मोबाइलचे पाच पडलेत म्हणून. ही पहिली चूक.

सगळं बसवलं, डेटा कॉपी करायला लावला आणि चहा घेऊन आलो तर एसएसडी गायब. पुन्हा लावली, दहा मिनिटांनी पुन्हा गायब. केबल बदलली, डबा बदलला, एसएसडीला शिव्या दिल्या. पाय ५ ला ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारा चार्जर लागतो. ३ अँपिअरचा लावला तर चालतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. तेवढ्यात एसएसडीचं भागत नाही. चालू होताना तो हे स्क्रीनवर सांगतोही. मी वाचलं नव्हतं.

२७ वॉटचा चार्जर मागवला, १,१५० रुपये. वाचनालयाचा खर्च १२,७०० वर गेला. शनिवार फुकट.

२१ सप्टेंबर, रविवार

चार्जर यायचा आहे, म्हणून एसएसडी बाजूला ठेवून मेमरी कार्डावरच रूपांतरकाला हात घातला. थोडी पार्श्वभूमी, कारण पुढचा सगळा घोळ इथला आहे.

यादीतली मूळ भर १९९० च्या दशकातली. डॉस, आणि संगणकात खोचलेलं सी-डॅकचं जिस्ट कार्ड. मजकूर इस्की संकेतात, म्हणजे इंग्रजी अक्षरं १२७ पर्यंतच्या आकड्यांत आणि देवनागरी त्याच्या वर. ‘क’ म्हणजे १७९, काना म्हणजे २१८. जिस्ट कार्ड नसलेल्या डॉसवर हीच फाइल उघडली की ‘का’ च्या जागी │┌ असं काहीतरी दिसतं, कारण तिथे हे आकडे चौकटी आखायच्या रेघांचे आहेत. ग्रंथपालबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “अरे, ही तर रांगोळी झाली!”

अशा ११ फाइली आहेत. त्या मी मूळ प्रत म्हणून कधीच हात न लावता ठेवल्यात आणि २०१३ साली सी भाषेत लिहिलेला रूपांतरक दर वेळी त्यांच्यावरून यादी नव्याने बांधतो. बारा वर्षं एकही तक्रार नाही.

पायवर कंपाइल केला. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही. चालवला आणि जेवायला गेलो. परत आलो तर कार्ड भरलेलं. ३२ जीबीचं कार्ड, पहिल्याच फाइलीचं आउटपुट २१ जीबी. मूळ फाइल जेमतेम अर्धा एमबी.

आउटपुटच्या सुरुवातीच्या ओळी पाहिल्या. इंग्रजी पुस्तकांची नावं नीट. मराठी पुस्तकांच्या जागी प्रश्नचिन्हांचे काळे चौकोन. आणि शेवटी २५५ हा एकच बाइट, कोट्यवधी वेळा.

२४ सप्टेंबर, बुधवार (रात्री)

सापडलं. तीन रात्री गेल्या, त्यातली अख्खी एक कार्ड खराब आहे या संशयात.

सी मध्ये ‘कॅर’ हा एक बाइटचा प्रकार ऋण धरायचा की नुसता धन, हे भाषेने ठरवलेलंच नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीने घ्यावं. एक्स८६ वरच्या लिनक्समध्ये तो −१२८ ते १२७. आर्मवर आणि रिस्क-फाइव्हवर ० ते २५५. म्हणजे इंटेलवर माझा ‘क’ −७७ होता, आणि पायवर तो १७९ झाला.

माझ्या कोडात देवनागरी ओळखायची युक्ती होती: अक्षर शून्यापेक्षा लहान असेल तर मराठी. २०१३ साली मला ती फार हुशारीची वाटली होती. आर्मवर कुठलंच अक्षर शून्यापेक्षा लहान नसतं, त्यामुळे सगळी मराठी इंग्रजी म्हणून जशीच्या तशी पुढे गेली.

दुसरा घोळही त्यातलाच. फाइल संपली की वाचणारं फंक्शन −१ देतं. मी ते उत्तर ‘कॅर’ मध्ये साठवत होतो. आर्मवर −१ चा २५५ होतो, २५५ कधीच −१ शी जुळत नाही, आणि फाइल कधीच संपत नाही. एकवीस जीबी.

पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात की हे उत्तर ‘इंट’ मध्ये घ्यावं. मलाही शिकवलं होतं. इंटेलवर चुकून चाललं म्हणून मी विसरलो.

उपाय झटपट मिळाला. जीसीसी या कंपाइलरला ‘एफ-साइन्ड-कॅर’ हा पर्याय दिला की आर्मवरही ‘कॅर’ ऋण होतो. दिला, चालवला, यादी उभी राहिली: २९,४१८ नोंदी. जुन्या मशिनवरच्या यादीशी ताडून पाहिली, बाइट न् बाइट सारखी. झोपलो.

२७ सप्टेंबर, शनिवार

झोप लागली खरी, पण पर्याय देऊन गप्प केलेली चूक डोक्यात राहिली. आज ती नीट सुधारायला बसलो. वाचताना ‘इंट’, साठवताना ‘अनसाइन्ड कॅर’, तुलना १२७ शी. सहा ओळींचा बदल. वर दिलेला पर्याय काढून टाकला.

चालवलं. ३०,०५९ नोंदी.

६४१ जास्त. पहिला विचार अर्थातच हा की मी काहीतरी बिघडवलं. तोच नवा कोड लॅपटॉपवर चालवला, तिथेही ३०,०५९. जुना कोड लॅपटॉपवर: २९,४१८.

मग फाइलनिहाय मोजलं. अकरापैकी आठ फाइलींत काहीच फरक नाही. उरलेल्या तीन फाइलींमध्ये मधेच कुठेतरी एक बाइट २५५ आहे. इस्कीत या आकड्याला अक्षरच नाही, बहुधा फ्लॉपी खराब झाल्याची खूण. इंटेलवर ऋण ‘कॅर’ मध्ये २५५ म्हणजे −१, आणि −१ म्हणजे माझ्या कोडाच्या मते फाइल संपली. तिथून पुढचं सगळं न वाचता रूपांतरक ‘झालं’ म्हणून मोकळा.

बारा वर्षं ६४१ पुस्तकं यादीत नव्हती. कपाटात होती, शोधात नव्हती. कोणी मागितलं तर आम्ही संगणकावर बघून “नाही आमच्याकडे” असं सांगत होतो.

झटपट उपायाने समाधान मानलं असतं तर आर्मही इंटेलसारखाच चुकला असता, आणि मी जुन्या यादीशी जुळलं म्हणून खूश होतो! जो कोणी असं स्थलांतर करतोय त्याने एवढं लक्षात ठेवावं: दोन यंत्रांची उत्तरं जुळली की दोन्ही बरोबर असतात असं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

यंत्राची पूजा झाली. पायला हळदकुंकू लावायचं होतं, पंख्यात जाईल म्हणून डब्याला लावलं.

संध्याकाळी शोधाचं पान. त्यासाठी एका शोध-सर्व्हरची आर्मसाठीची तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम) नेटवरून उतरवली. चालू होताक्षणी मेली: तिच्यातल्या जेमॅलॉक या मेमरी वाटणाऱ्या भागाची तक्रार, या सिस्टिमचा पेज साइज चालत नाही. प्रोग्राम आर्मचा, प्रोसेसर आर्मचा, तरी भांडण.

कारण असं. एक्स८६ वर मेमरीचं पान (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते तो तुकडा) ४ केबीचंच, तिथे दुसरा प्रश्न येत नाही. आर्मवर ते ४, १६ किंवा ६४ केबी ठेवता येतं. पाय ५ चा नेहमीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) वेगासाठी १६ केबी घेतो. ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर असलेले मॅकही १६ चेच. पण ज्याने ही बायनरी बांधली त्याने ४ गृहीत धरलं होतं. उपाय: बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये कर्नल म्हणून ‘कर्नल८ डॉट आयएमजी’ लिहायचं आणि रीबूट. पान ४ केबीचं झालं, सर्व्हर उठला. वीस मिनिटांत संपलं, कारण या वेळी एरर आधी वाचली.

५ ऑक्टोबर, रविवार

लेबलं. इथे माझा सोर्स कोड नाही. लेबल प्रिंटरच्या कंपनीने लिनक्ससाठी दिलेला फिल्टर (मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) फक्त एक्स८६ ची बायनरी आहे. आर्मवर तो चालवायला गेलं की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. कंपनीला मेल केला. उत्तर आलं की विंडोज वापरा.

पहिला प्रयत्न क्यूएमू. आर्मवर बसून तो इंटेलच्या सूचनांचं चालता चालता आर्मच्या सूचनांत भाषांतर करतो. चाललं की! एक लेबल निघायला चारेक सेकंद. शंभर लेबलं एकदम काढायची तर ग्रंथपालबाई डुलकी काढतील, पण चाललं.

या काहीशे केबीच्या फिल्टरपाशी बसून एक गोष्ट नव्याने पटली. १९७८ च्या ८०८६ पासूनचा वंश एवढा का टिकला? प्रोसेसर देखणा आहे म्हणून नव्हे, असे फिल्टर लोकांच्या गळ्यात अडकलेत म्हणून. खुद्द इंटेलला हे महागात पडलंय. २००१ साली त्यांनी एचपीच्या साथीने अगदी नव्या घडणीचा इटॅनियम आणला. त्यावर जुने प्रोग्राम रखडत चालायचे. २००३ मध्ये एएमडीने काय केलं, तर जुन्याच एक्स८६ ला ६४ बिटांचा मजला चढवला. जुनं सगळं चालू, नवंही चालू. इंटेलला शेवटी प्रतिस्पर्ध्याचाच आराखडा उचलावा लागला. इटॅनियमची विक्री २०२१ मध्ये बंद झाली, आणि लिनक्सच्या ६.७ कर्नलमधून त्याचा कोडही काढून टाकला.

मी मात्र फिल्टरला कंटाळून दुसरा रस्ता धरला. प्रिंटरला टीएसपीएल ही साधी आज्ञाभाषा कळते. पायथनमध्ये लेबलाचं काळंपांढरं चित्र करायचं आणि बिटमॅप म्हणून थेट पाठवायचं. साठेक ओळी. पहिलं लेबल काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असं निघालं, कारण या प्रिंटरला ० म्हणजे काळं. बिट उलटे केले. आता लेबल अर्ध्या सेकंदात निघतं आणि जोडाक्षरंही सुटी होत नाहीत. क्यूएमू काढून टाकला.

११ ऑक्टोबर, शनिवार

ओसीआर. टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्राम डेबियनमधूनच आला, मराठीचा डेटाही. आवृत्ती विचारली की तो प्रोसेसरमधल्या कुठल्या खास सूचना सापडल्या तेही छापतो. लॅपटॉपवर एव्हीएक्स२, एफएमए वगैरे लांबलचक यादी. पायवर एकच शब्द: निऑन, म्हणजे आर्मच्या खास सूचना.

एक पान लॅपटॉपवर ६ सेकंद, पायवर ११. वाईट नाही. पण टेसरॅक्ट एका पानासाठी चारही कोअर वापरतो आणि बराच वेळ ते एकमेकांची वाट बघत बसतात. ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ १ करून (म्हणजे एका पानाला एकच कोअर) एकाच वेळी चार पानं लावली. आता एका पानाला १९ सेकंद, पण चार पानं एकदम. साडेअकरा तासांचं काम पाच तासांवर आलं. हे तिन्ही जातींच्या यंत्रांवर लागू पडतं, आधी हे करा आणि मग यंत्राला नावं ठेवा.

पंख्याशिवाय चालवून पाहिलं: काही मिनिटांतच ८० अंशांवर जाऊन प्रोसेसरचं घड्याळ मंदावायला लागलं. ते ५५० रुपये सार्थकी लागले.

१२ ऑक्टोबर, रविवार

रात्रभरात अहवाल झाले. बाईंनी सहज एक उघडला आणि विचारलं, “हा हिशेब दोनदा का रे आलाय?” एका अहवालात पान ३८ चा मजकूर ३९ वरही तोच. ३९ चा मूळ मजकूर गायब. सगळे अहवाल तपासले तर ३,८०० पानांत असं पाच ठिकाणी.

पुन्हा चालवलं. या वेळी तीन ठिकाणी, आणि तीही वेगळी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळा आठवडा या पाच पानांनी खाल्ला. बोनस मिळालेल्या माणसासारखा चेहरा करून ऑफिसला जात होतो आणि डोक्यात हेच.

माझ्या प्रोग्राममध्ये दोन धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं) आहेत. पहिला पानाचा मजकूर एका सामायिक जागेत ठेवतो आणि ‘तयार’ असा झेंडा १ करतो. दुसरा झेंड्याकडे बघत बसलेला असतो. १ दिसला की मजकूर उचलून फाइलीत लिहितो. इंटेलवर वर्षानुवर्षं बिनबोभाट.

छापून बघावं म्हणून मधे प्रिंटच्या ओळी टाकल्या, तर चूक यायचीच बंद झाली. काढल्या, पुन्हा आली. झेंड्याला ‘व्होलाटाइल’ लावलं. काही फरक नाही, आणि पडायलाही नको होता. ते कंपाइलरला बांधतं, प्रोसेसरला नाही.

एक्स८६ मध्ये एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते दुसऱ्या कोअरला दिसतं. आर्म हा शब्द देत नाही. वेगासाठी त्याला क्रम उलटसुलट करायची मुभा आहे. झेंडा आधी दिसतो, मजकूर मागून पोचतो, आणि मधल्या क्षणी दुसरा धागा जुनाच मजकूर उचलतो. लग्नाची पत्रिका पोचायच्या आधी पाहुणे दारात, तसं. झेंडा ‘ॲटॉमिक’ केला, लिहिताना ‘रिलीज’ आणि वाचताना ‘अक्वायर’, म्हणजे मजकूर आधी आणि झेंडा नंतर हा क्रम प्रोसेसरला पाळावाच लागतो. मजकूर उचलल्यावर झेंडा परत ० करतानाही तेच, ते मी पहिल्या फेरीत विसरलो होतो. तीनदा पूर्ण काम चालवलं, एकही पान दुणावलं नाही.

ॲपलने २०२० मध्ये इंटेल सोडून आर्म घेतलं तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न लाखो प्रोग्रामांचा होता. त्यांनी आपल्या चिपमध्येच इंटेलसारखा कडक क्रम पाळायची सोय ठेवली, आणि रोझेटा हा त्यांचा भाषांतर करणारा प्रोग्राम इंटेलचे जुने प्रोग्राम चालवताना ती चालू करतो. ज्याच्याकडे स्वतःची चिप घडवायचे पैसे आहेत त्याने तसं करावं. मी आठवडा घालवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत कामाला हात लावला नाही. व्हिजनफाइव्ह २ (८ जीबी) आलाय, कुरिअर आणि कस्टम धरून ९,८०० रुपये. समितीला याचा चटका नाही.

रिस्क-फाइव्ह २०१० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालं. सूचनांचा संच सगळ्यांना खुला. आर्मचा गाभा वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो, इथे नाही. म्हणून आपल्याकडे आयआयटी मद्रासचं शक्ती आणि सी-डॅकचं वेगा यांनीही हाच संच धरला. याच सी-डॅकने १९९१ साली पुण्यात परम ८००० बांधला तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर. ती जात आता संपली. पुढचे परम निरनिराळ्या प्रोसेसरांवर बांधले गेले. त्या लोकांनी किती वेळा सगळं पुन्हा कंपाइल केलं असेल!

यंदा ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये रिस्क-फाइव्हला पहिल्यांदा अधिकृत स्थान मिळालं. त्याच आवृत्तीत ३२ बिटी एक्स८६ चा इन्स्टॉलर बंद झाला. म्हणजे आमचा जुना डबा जगला असता तरी या आवृत्तीसाठी त्याच्यावर ६४ बिटी डेबियन नव्याने चढवावं लागलं असतं.

प्रत्यक्षात आज काहीच झालं नाही. स्क्रीन काळी. डेबियनच्या कर्नलमध्ये या बोर्डच्या डिस्प्लेचा आधार अजून नाही, सगळं सिरिअल केबलवरून करायचं. केबल २५० रुपये.

१ नोव्हेंबर, शनिवार

सिरिअल केबलच्या पाठवायच्या आणि घ्यायच्या तारा उलट लावल्या होत्या. त्या सुधारल्यावर बूटच्या बारक्या स्विचांची जोडी चुकीच्या बाजूला. ती सुधारल्यावर फर्मवेअर (बोर्डमध्येच भरलेला प्रोग्राम) जुना. तो चढवल्यावर रात्री पावणेबाराला लॉगिन दिसलं.

मग पायथनची पॅकेजं उतरवणाऱ्या पिपने नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज बसवायला घेतलं. या जातीसाठी तयार पॅकेज त्याला मिळालं नाही, म्हणून तो सोर्सवरून कंपाइल करत बसला. तीन तास आणि शेवटी मेमरी संपून पडला. सकाळी डेबियनच्या ‘ॲप्ट’ ने तेच मागितलं, दोन मिनिटांत आलं. रिस्क-फाइव्हवर पिपला हात लावण्याआधी डेबियनच्या कोठारात बघा.

२ नोव्हेंबर, रविवार

रूपांतरक पहिल्या फटक्यात: ३०,०५९. धागेही ठीक. याचाही मेमरीचा क्रम सैल आहे, पण आर्मवर खाल्लेला मार इथे कामाला आला.

मजा दुसरीकडे झाली. प्रगतीचे टक्के दाखवायला मी झालेली पानं गुणिले १०० भागिले एकूण पानं करतो. एक फोल्डर चुकून रिकामा होता, एकूण शून्य. लॅपटॉपवर प्रोग्राम कोसळला, वर संदेश ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’, जरी दशांशाचा कुठे पत्ता नाही. पायने शांतपणे ० टक्के दाखवले. व्हिजनफाइव्हने −१ टक्का. तिघेही आपापल्या नियमपुस्तकाप्रमाणे बरोबर: इंटेल शून्याने भागाकार दिसला की ओरडतो, आर्म ० देतो, रिस्क-फाइव्ह सगळे बिट १ करतो, म्हणजेच −१. चूक माझी, एक ‘इफ’ टाकायचा राहिला होता. पण तिघांत मला ओरडणाराच बरा वाटला.

दुबार नोंदी शोधणारा प्रोग्राम मात्र रांगत होता. तो प्रत्येक नोंदीची शेजारच्या ५० नोंदींशी तुलना करतो, चार-चार बाइट उचलून. लॅपटॉपवर डोळा मिटेपर्यंत होतं ते इथे सव्वा मिनिट. नोंदीची लांबी १८५ बाइट, म्हणजे बहुतेक नोंदी चाराने न भागणाऱ्या पत्त्यावर सुरू होतात. इंटेल आणि पाय हे हार्डवेअरमध्येच सांभाळून घेतात. या बोर्डवरचा यू७४ गाभा घेत नाही. प्रत्येक वेळी काम खाली फर्मवेअरकडे जातं, तो बाइट गोळा करून देतो, मग पुढे. उत्तर बरोबर, वेळेचा बट्ट्याबोळ. पॉइंटर दडपून चार बाइट उचलण्याऐवजी ‘मेमकॉपी’ या बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनने उचलले, दोन सेकंदांत आलं.

टेसरॅक्टला इथे खास सूचना काहीच सापडल्या नाहीत, यादी रिकामी. शंभर पानांना जवळपास तास. सगळे अहवाल इथे केले तर दीड दिवस. ओसीआर पायवरच राहणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाय वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या रॅकमागे बसवला. वॉटमीटरवर बसून असताना ४ ते ५ वॉट. जुन्या डब्याच्या तुलनेत महिन्याला ४० युनिट वाचतील. १९८५ मध्ये केंब्रिजला पहिला आर्म चालू केला तेव्हा अँपिअरमीटर शून्य दाखवत होता. वीजपुरवठा जोडायचाच राहिला होता, आणि चिप बाजूच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर चालत होती. ही गोष्ट बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, “मग आपण तरी कशाला जोडलाय?”

दुपारी लाइट गेली आणि छोट्या यूपीएसवर तो पाच वाजेपर्यंत चालला. शिपाईकाका तासातासाने येऊन दिवा बघून जात होते.

९ नोव्हेंबर, रविवार

राहिलेलं एकच काम. तीन फाइलींतल्या त्या २५५ बाइटांच्या जागी मूळ अक्षर कोणतं होतं ते कोडाला कळण्यासारखं नाही. तीनही नोंदींचे दाखल क्रमांक काढले आणि वरच्या खोलीत गेलो.

दोन पुस्तकं मिळाली. पहिल्यात लेखकाच्या आडनावातला काना गेला होता, दुसऱ्यात प्रकाशनाचं वर्ष. बाई कपाटापाशी उभ्या राहून मुखपृष्ठ वाचत होत्या, मी खाली बसून मांडीवरच्या लॅपटॉपवर भरत होतो.

तिसऱ्याची जागा रिकामी. बाईंनी जुनं देवघेव रजिस्टर काढलं. २००७ साली नेलंय, परत आल्याची नोंद नाही. नेणाऱ्याचं घर बाजारपेठेच्या मागेच आहे, बाई उद्या निरोप धाडणार आहेत. त्या नोंदीत तूर्त प्रश्नचिन्ह ठेवलंय.